आठवा महिना, वादळ आणि गेलेली लाइट : वाचकांचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटली, की खानदेशात दुपारी अंगाची लाही होते आणि चारनंतर एखाद्या दिवशी आभाळ भरून येतं. रोहिणी-मृगाच्या आगेमागे येणारं हे वादळ कधी अर्ध्या तासात संपतं, पण तेवढ्यात केळीच्या बागा आडव्या होतात, पोल वाकतात आणि गावं दोन-दोन दिवस अंधारात राहतात. अशा वेळी घरात गरोदर बाई एकटी असेल तर काय करावं, याबद्दल आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मला तेहतिसावा आठवडा चालू आहे. मालक सुरतला कामाला असतात, सासू-सासरे शेतातल्या वस्तीवर. अर्धं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं आहे, अर्ध्यावर पत्रे आहेत. मागच्या वादळात दोन रात्री लाइट नव्हती, मोटर बंद म्हणून पाणीही नव्हतं. पुन्हा तसं झालं तर एकटीने काय करू? (अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, आधी घराचं बघू. पत्रे वाऱ्याने वरून दाबले जात नाहीत, खालून उचलले जातात. दार किंवा खिडकी उघडी राहिली की वारा आत शिरतो आणि पत्र्याला खालून ढकलतो. म्हणून वारा सुटायच्या आधीच सगळ्या कड्या लावायच्या. एकदा सुटल्यावर पत्रा धरायला, दोरी बांधायला किंवा वर दगड ठेवायला जायचंच नाही. धाब्याची भीती निराळी. वरची माती पाणी पिऊन जड होते, मातीच्या भिंती खालून मऊ होतात, आणि भिंत बऱ्याचदा पाऊस चालू असताना नाही, तो थांबल्यावर काही तासांनी बसते. छतातून मातीचे ढेकळं पडू लागले, सरा-कड्यांतून, म्हणजे छताच्या लाकडांतून, करकर आवाज आला किंवा भिंतीला नवीन भेग दिसली, तर पाऊस असला तरी बाहेर पडा.

खरा उपाय म्हणजे वादळात या घरात न थांबणं. तुमच्या गल्लीत स्लॅबचं घर कोणाचं आहे ते आजच ठरवा आणि त्या घरच्या बाईशी आजच बोलून ठेवा. दिवसा एकदा तिथपर्यंत चालत जा. वाटेत जुना लिंब, गुलमोहर किंवा वाकलेला पोल असेल तर दुसरी वाट शोधा. आभाळ काळं-पिवळं झालं, धुळीचा लोट दिसला किंवा पहिला गडगडाट ऐकू आला, की पिशवी घेऊन निघायचं. पाऊस पडायला लागल्यावर निघालात तर उशीर झालेला असतो. विजांसाठी फोनवर ‘दामिनी’ हे अ‍ॅप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने काढलेलं आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत नळाला हात नाही, आंघोळ नाही, अंगणात जाणं नाही. जाता आलंच नाही, तर धाब्याच्या भागात, खिडकीपासून लांबच्या आतल्या कोपऱ्यात गादी डोक्यावर घेऊन बसा.

पाणी सर्वांत महत्त्वाचं. लाइट गेली की मोटर बंद आणि नळही बंद. पिण्यासाठी दिवसाला तीन लिटर धरा, तीन दिवसांचं नऊ लिटर. वापरायला वेगळं. साठवायचं तेव्हा हंडा-कळशीत न साठवता दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत भरा, कारण भरलेली पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची असते आणि आठव्या महिन्यात ती उचलायची नाही. वादळानंतर विहिरीत, हातपंपात गढूळ पाणी शिरतं. ते फडक्याने गाळून खळखळून उकळी येऊ द्या, उकळी एक मिनिट टिकू द्या, मगच प्या.

पाण्यावर इतकं का बोलतोय, तर उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की गर्भाशय आवळायला लागतं. बाई घाबरते, तिला वाटतं कळा सुरू झाल्या. तहान लागायची वाट न बघता दर तासाला एक पेला. उलटी किंवा जुलाब झाले तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असं घरचं गणित करू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

खाण्याचं फार अवघड नाही. दुधातल्या दशम्या, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, मुरमुरे, केळी घरात असतातच. बंद फ्रिज चार तास गार राहतो, त्यानंतर दूध आणि शिजलेला भात खाऊ नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आठवड्याच्या जादा ठेवा, पण दोन्ही एका वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी चहाबरोबरही नको.

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी, सोनोग्राफीचा शेवटचा रिपोर्ट, दोन सुती साड्या, बाळासाठी धुतलेले जुने मऊ कपडे, बॅटरी आणि थोडे सुटे पैसे. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून कार्डात ठेवा. फोन बंद पडला की त्यातले नंबरही गेले.

अंधारात पाय घसरून पडण्याची भीती सगळ्यांत मोठी. पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो. पायात रबरी तळाची चप्पल ठेवा आणि उंबऱ्याजवळचं पाणी पुसून घ्या. पडलात आणि पोटाला मार लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. वार, म्हणजे नाळेचा गर्भाशयाला चिकटलेला भाग, आतल्या आत सुटू शकते आणि तिचं रक्त लगेच बाहेर दिसेलच असं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा, ते बहात्तर तासांच्या आत द्यायचं असतं.

प्रश्न : रात्री पोट आवळतं तेव्हा ते खरं की खोटं कसं ओळखायचं? नेटवर्क नसेल तर गाडी कशी बोलवायची? आणि गाडी आलीच नाही तर? (साक्री तालुका)

उत्तर : घड्याळ आणि पेन्सिल घ्या. एक कळ सुरू झाली ती वेळ लिहा, पुढची सुरू झाली ती लिहा, आणि कळ किती सेकंद टिकली तेही लिहा. मग दोन पेले पाणी प्या, लघवीला जाऊन या आणि डाव्या कुशीवर पडा. पाठीवर झोपू नका, पोटाचं वजन पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर पडतं आणि चक्कर येते. तासाभरात कळा विरळ झाल्या तर खोट्या होत्या. वाढत गेल्या, कंबरेतून पुढे येऊ लागल्या, चाललं तरी थांबेनात, तर खऱ्या.

सदतिसावा आठवडा भरला नसेल आणि विश्रांती घेऊनही तासात चार कळा आल्या, तर थांबू नका. भरला असेल, तर एरवी पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर टिकल्यावर निघायला सांगतात. वादळात तो हिशेब धरू नका. रस्त्यात झाड पडलेलं असणार, पांझरा-कानसारख्या नद्यांना आणि नाल्यांना पाणी असणार. कळा दहा मिनिटांवर आल्या की फोन करा, दुसरी-तिसरी खेप असेल तर त्याही आधी.

कळा नसल्या तरी काही गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही: अंगावरून रक्त जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बरगड्यांखाली दुखणं, तोंड-हात एकदम सुजणं, झटका, थंडी वाजून ताप. गर्भाचं पाणी गेलं तर वेळ लिहा आणि स्वच्छ पांढरा कपडा घेऊन रंग बघा. हिरवट, तपकिरी किंवा लालसर असेल तर लगेच निघा, पांढरं असलं तरी त्याच रात्री जा. क्वचित नाळ बाहेर दिसते. तेव्हा गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हा, कंबर डोक्यापेक्षा वर ठेवा, नाळेला हात लावू नका आणि गाडी येईपर्यंत तसंच राहा.

बाळाची हालचाल अंधारात, भीतीने जाणवेनाशी होते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर रोज जेवून डाव्या कुशीवर पडून मोजायची सवय ठेवा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. त्या रात्री कमी भरल्या, तर थांबू नका.

गाडीसाठी १०८. बाळंतपणाला नेण्या-आणण्याची सरकारी गाडी १०२ वर मिळते, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती मोफत आहे. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ११२ लावून बघा, जवळचा दुसरा टॉवर असेल तर त्यावरून फोन लागू शकतो. लाइट गेल्यावर टॉवरची बॅटरी काही तासच चालते, म्हणून फोन पहिल्या तासात करायचा. आवाज जात नसेल तर एसएमएस पाठवा, थोड्या सिग्नलवरही तो जातो. पत्ता सांगताना खूण सांगा: मारुतीच्या देवळाजवळ, पाण्याच्या टाकीला लागून. आशाताईंचा नंबर सगळ्यांत वर असावा.

गाडी यायच्या आधी बाळ येऊ लागलंच, तर दाराची कडी काढून ठेवा म्हणजे कोणी आलं तर आत येईल. फोन १०८ वर लागला असेल तर स्पीकर चालू ठेवा. जमिनीवर गोधडी घालून डाव्या कुशीवर किंवा पाठीमागे उशा लावून अर्धवट बसा. डोकं दिसू लागलं की जोर थांबवा, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. झटक्याने आलं तर जास्त फाटतं. मानेभोवती नाळ असेल तर बोटाने सैल करून डोक्यावरून काढा. बाळ आलं की कोरड्या कपड्याने पुसा, पाठ चोळा, उघड्या छातीवर घ्या, डोकं झाका आणि वरून पांघरूण घ्या. नाळ ओढायची नाही, ब्लेडने कापायची नाही. वार आपोआप पडेल तेव्हा ती बाळाजवळच पिशवीत ठेवा. बाळाला लगेच अंगावर पाजा, त्याने गर्भाशय आवळून रक्त कमी जातं. एकामागून एक कपडा भिजत असेल तर बेंबीखाली जोरात चोळून गर्भाशय कडक करा आणि पुन्हा फोन लावा.

नंदुरबारसारख्या आदिवासी भागात, डोंगरात राहणाऱ्या बायकांसाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं. दिवस भरत आले की आधीच तिथे जाऊन राहता येतं. विचारून ठेवा, त्यात लाज नाही.

प्रश्न : गरोदरपणात साखर वाढली म्हणून इन्सुलिन चालू आहे. फ्रिज बंद पडला तर औषध खराब होईल का? (भुसावळ)

उत्तर : वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर साधारण अठ्ठावीस दिवस चालते, पण तीस अंशांच्या आतल्या खोलीत. भुसावळचं ऊन त्याहून कितीतरी वर जातं. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरून ओली करा, तिच्यात लहान कोरं मडकं रोवा, कुपी प्लास्टिकच्या डब्यात घालून मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. दिवसातून तीनदा वाळूवर पाणी शिंपडा. बर्फाला कुपी टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. एरवी पाण्यासारखं नितळ असलेलं औषध गढूळ दिसलं, किंवा कुपीच्या काचेला गुठळ्या चिकटल्या, तर ती टाकून द्या.

जेवण समोर असेल तेव्हाच इंजेक्शन घ्या. हात थरथरले, घाम फुटला तर रक्तातली साखर उतरली असं समजा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला, बायको गावी सहाव्या महिन्यात. घरी इन्व्हर्टर बसवलाय, तरी मागच्या वेळी तीन तासांत बंद पडला. जनरेटर घ्यावा का? (यावल तालुका)

उत्तर : दादा, आधी इन्व्हर्टरचं बघा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. हाती साधारण तेराशे लागतात, जुन्या बॅटरीत त्याहून कमी. जुना ७५ वॉटचा पंखा आणि ९ वॉटचे दोन दिवे मिळून ९३ वॉट होतात, म्हणजे चौदा तास चालायला हवेत. तीनच तास चालला म्हणजे बहुधा फ्रिज किंवा टीव्ही त्याच लाइनवर आहे, किंवा बॅटरीतलं पाणी आटलंय. आपल्याकडच्या उन्हात पाणी लवकर उतरतं. डिस्टिल्ड वॉटरच भरायचं, नळाचं नाही, आणि ते काम वायरमनला सांगा. आत ॲसिड असतं, बायकोने झाकण उघडू नये. पंखा बदलून २८ ते ३५ वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा बसवला, तर तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट पुरते.

जनरेटर घेऊ नका. घराजवळ, बंद ओसरीत लावला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, आणि बाळाचं रक्त तो आईच्या रक्ताहून घट्ट धरून ठेवतं. बंद खोलीत कोळशाची शेगडीही याच कारणासाठी नको. मेणबत्ती वाऱ्याने आडवी होते आणि नायलॉनचा गाऊन लगेच पेट घेतो, चार्जिंगची बॅटरी बरी.

एक गोष्ट घरी नक्की सांगून ठेवा. लाइट आल्यावर एका खोलीतला दिवा डोळे दिपतील इतका पेटला आणि दुसरीतला मिणमिणला, तर न्यूट्रलची तार तुटलीय. २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. कोरड्या हाताने, रबरी चप्पल घालून, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करायचा. हात किंवा बोर्ड ओला असेल तर जवळ न जाता शेजाऱ्यांना हाक मारायची. तुटलेली तार दिसली तर दहा मीटर लांब राहायचं आणि महावितरणला १९१२ वर कळवायचं, बारा अंकी ग्राहक क्रमांक बिलावर असतो. पत्र्याला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला ती तार टेकलेली असू शकते, म्हणून वादळानंतर सकाळपर्यंत ओले कपडे त्या तारेवर टाकायचे नाहीत.

आणि दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी तुम्ही फोन करा. लागला नाही तर शेजारच्या वहिनींनी जाऊन बघायचं, हे आजच त्यांच्याशी बोलून घ्या.