वळणात दम सोडणारी एस्टीम

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची कार्बोरेटरवाली मारुती एस्टीम आहे. मागची सीट, गालिचे, एसी सगळं काढून ट्रॅकसाठी तयार केली. कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर सरावाला नेली, तर लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना इंजिन मिसिंग मारतं. पुढं सरळ रस्त्यावरही थोडं घुटमळतं आणि मग आपोआप उचलतं. सकाळी ठीक असते, दुपारी त्रास सुरू होतो. प्लग, कॉइल, वायरी नव्या टाकल्या, कार्बोरेटर धुऊन घेतला. आता गॅरेजवाला म्हणतोय इंजिनच बदलू. सांगा की मामा, काय करू? वळणात कधीतरी ऑइलचा लाल दिवाही लुकलुकतो, पण लगेच विझतो. — एक वाचक, निपाणी

उत्तर : भाचेबुवा, पत्रातली शेवटची ओळ तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती. मिसिंगनं फार तर शर्यत जाईल, त्या लाल दिव्यानं इंजिन जाईल. मग गॅरेजवाल्याचं म्हणणं आयतंच खरं ठरेल.

उजवीकडं जोरात वळलं की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल डावीकडं धावतं. पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. दिवा पेटतो तोवर दाब आधीच फार खाली आलेला असतो. त्या क्षणाला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय तुमचा पूर्ण दाबलेला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर सगळा भार. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही, कारण वंटमुरी घाटातसुद्धा आपण इतका वेळ, इतक्या वेगात एकाच बाजूला गाडी झुकवून धरत नाही.

चेंबर उतरवा. जाळीभोवती पत्र्याच्या आडभिंती वेल्ड करून घ्या, त्यांना आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी झडप ठेवा, म्हणजे ऑइल जाळीकडं येईल पण परत पळणार नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत असं पत्रेकाम करणारे हात पुष्कळ आहेत, फक्त वेल्डिंगचे मणी आत राहू देऊ नका. चेंबर उतरलंच आहे तर रॉडच्या टोप्या उघडून बेअरिंगचे शेल बघा. राखाडी थर झिजून तांबूस रंग दिसत असेल तर नवे घाला. क्रँकवर चरे असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ, म्हणजे थोडे जाड, शेल. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. आणि दिव्याच्या भरवशावर न राहता दाबाचं काट्याचं मीटर लावा.

आता मिसिंग. वळण डावं की उजवं हे कॉइलला कळत नाही. एखादी वायर सैल असेल तरच ती वळणात दगा देईल, तेव्हा हलवून बघा आणि तो विषय संपवा. तुमच्या पत्रात खरी खूण वेगळीच आहे : इंजिन वळणातून बाहेर पडताना सुटतं आणि सरळ रस्त्यावरही घुटमळतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला सरकून जेट, म्हणजे पेट्रोल ओढणारं बारीक छिद्र, उघडा पडत असता, तर त्रास वळणात शिरताच झाला असता आणि स्टिअरिंग सरळ होताच थांबला असता. तुमच्याकडं उशिरा होतो, कारण वाटीतला साठा संपेपर्यंत इंजिन त्याच्यावर चालतं. म्हणजे मागून पेट्रोल येत नाहीये. टाकीतलं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा ओढतो. सकाळी टाकी भरलेली, दुपारी उतरलेली, हेही त्याला जुळतं.

खात्री करायला पुढच्या वेळी भर दुपारी टाकी काठोकाठ भरून पळवा. मिसिंग गेलं तर टाकीच. नाही गेलं तर उष्णतेनं नळीत वाफ धरते का ते बघा. एग्झॉस्टजवळून गेलेली पेट्रोलची नळी दूर घ्या.

साधा उपाय म्हणजे अर्ध्याच्या खाली टाकी जाऊ द्यायची नाही. दहा लिटर जादा पेट्रोल म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन, तुमच्या पोटावरून तेवढं सहज कमी होईल. कायमचा उपाय हवा तर मध्ये लहान साठवण-डबा लावा : एक पंप टाकीतून डबा भरतो, दुसरा डब्यातून कार्बोरेटरला देतो, जादाचं टाकीत परत. पण कार्बोरेटरला ०.२ ते ०.३ बारचाच पंप हवा. एमपीएफआयचा, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाडीचा, पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, तो लावलात तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह तग धरणार नाही आणि गरम इंजिनवर पेट्रोल सांडेल.

सगळ्या रबरी नळ्याही बदला, इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या. चिक्कोडी-संकेश्वर पट्ट्यातला आपलाच ऊस आता पेट्रोलच्या टाकीत येतोय, आणि १९९७ चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, कार्बोरेटरचं मिश्रण पातळही होतं, हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लगचं टोक पांढरं फटक दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा घाला.

प्रश्न : मारुती ८०० आहे. चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचा पेडल थेट तळाला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट. मास्टर सिलिंडर बदलू का? — नाव नको, खानापूर

उत्तर : नको. रात्रीत बरा होणारा मास्टर सिलिंडर मी पाहिलेला नाही. तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय, वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि खानापूरच्या पावसात हवेत दुसरं असतं काय? नवं डॉट-४ निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे, पाणी शोषल्यावर तोच १५५ वर येतो. प्रत्येक शर्यतीआधी सीलबंद डब्यातलं नवं ऑइल घालून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. शेवटची फेरी ब्रेक न दाबता हळू मारा, आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतो. चाकाखाली लाकडी ठोकळा लावा.

प्रश्न : रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) बसवलेली केए-२३ची, म्हणजे चिक्कोडी नोंदणीची, गाडी चालवतच ट्रॅकवर नेली तर चालेल का? — एक विद्यार्थी, चिक्कोडी

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करून रस्त्यावर फिरता येत नाही. शिवाय हेल्मेट नसताना डोक्याजवळ लोखंडी पाइप असणं रस्त्यावर धोक्याचंच. गाडी न्यायला दोघा-तिघांत मिळून टेम्पो करा. आणि केजला कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइपच वापरा, पाण्याचा नव्हे.