टर्मिनलमधल्या सी३२७० मध्ये उजवं कंट्रोल एंटर म्हणून का चालत नाही?

तुमची अडचण अशी की लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सी३२७० (मेनफ्रेमला जोडण्यासाठी आयबीएमच्या ३२७० टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) चालवता, कीमॅपची, म्हणजे कुठल्या बटणाने कुठलं काम हे सांगणारी फाईल लिहिलीत, तरी उजवं कंट्रोल एंटरचं काम करत नाही आणि शिफ्ट-एफ१ ने पीएफ१३ (३२७० चं तेरावं फंक्शन बटण) जात नाही. फाईल तुमची बरोबर असेल. तुम्ही दाबलेलं बटण एम्युलेटरपर्यंत पोचतच नाहीये.

मी हिंजवडीत मेनफ्रेम सपोर्टला आहे, दिवसभर हाच हिरवा स्क्रीन समोर असतो. ज्यांचा हात आयबीएमच्या जुन्या कीबोर्डवर बसलाय त्या आमच्या सगळ्या सीनिअरना उजवं कंट्रोलच एंटर हवं असतं. मागणी रास्त आहे. १९७१ पासूनच्या ३२७० घराण्यात ‘पुढच्या ओळीवर जा’ आणि ‘स्क्रीन पाठव’ ही दोन निरनिराळी कामं आहेत, त्यांना दोन बटणं हवीतच.

पण सी३२७० चा ग्राफिकल भाऊ एक्स३२७० स्वतःची खिडकी उघडतो, त्यामुळे कुठलं बटण दाबलं हे त्याला थेट कळतं. सी३२७० टर्मिनलच्या पोटात चालतो, त्याच्या हाती फक्त बाइट येतात. नुसतं कंट्रोल दाबलं तर टर्मिनल एकही बाइट पाठवत नाही, मग डावं काय नि उजवं काय! तसंच कंट्रोल-आय आणि टॅब दोन्ही ९, कंट्रोल-एम आणि एंटर दोन्ही १३, कंट्रोल आणि डावा चौकटी कंस म्हणजे एस्केपच, २७. या जोड्या फाईलमध्ये वेगळ्या करायला जाऊ नका. उजव्या कंट्रोलशिवाय चालणारच नसेल तर सरळ एक्स३२७० घ्या.

बाकीच्या बटणांसाठी आधी बाइट बघा. शेलच्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबा आणि मग हवं ते बटण. एफ५ ला कॅरेट, दोन चौकटी कंस, १५ आणि टिल्ड असं दिसेल. काहीच उमटलं नाही तर ते बटण वाटेत कुणीतरी खाल्लं. ग्नोम टर्मिनल एफ१० मेनूसाठी आणि एफ११ पूर्ण स्क्रीनसाठी स्वतःकडे ठेवतं, ते प्रेफरन्सेसमध्ये सोडवता येतं. लॅपटॉपवर एफ-बटणं ब्राइटनेस आणि आवाजासाठी लावलेली असतात, तिथे एफएन लॉक बघा. शिफ्टवर मी तरी भरवसा ठेवत नाही. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये जुन्या पद्धतीने शिफ्ट-एफ१ ला चक्क एफ११ चे बाइट जातात.

म्हणून पीएफ१३ ते पीएफ२४ साठी दोन टप्प्यांची जोडी करा: आधी कंट्रोल-एफ, मग एफ१ ते एफ१२. कीमॅपमध्ये एकाच ओळीत डावीकडे एकामागून एक दोन बटणं लिहिता येतात, मग कोलन, मग काम. पहिलं बटण म्हणून एस्केप घेऊ नका. फंक्शन बटणांचे बाइटही एस्केपनेच सुरू होतात, त्यामुळे पुढे काही येतंय का म्हणून एनकर्सेस (सी३२७० टर्मिनलवरची बटणं वाचायला वापरतो ती लायब्ररी) थांबून राहतं, मुळात १००० मिलिसेकंद. कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस या जोडीलाही हात लावू नका, त्याने सी३२७० चा स्वतःचा प्रॉम्प्ट उघडतो.

क्लिअरचं, म्हणजे स्क्रीन पुसणाऱ्या बटणाचं, मात्र नीट ऐका. आमच्याकडे एका नव्या मुलाने पेज अप आणि पेज डाऊन पीएफ७ आणि पीएफ८ ला लावले, फार छान केलं, मीही तेच वापरते. पण त्याच्या शेजारचं एंड त्याने क्लिअरला दिलं. महिनाअखेरीची नाइट शिफ्ट, रात्रीचे अडीच, वीसेक रकाने भरून झालेले, आणि पुढच्या पानावर जाताना बोट एंडवर पडलं. स्क्रीन कोरा. ३२७० मध्ये टाइप केलेलं एंटर किंवा पीएफ दाबेपर्यंत तुमच्याकडेच असतं. क्लिअर आणि पीए (प्रोग्राम अटेन्शन) बटणं दाबली तर फक्त बटणाची खूण जाते, भरलेला मजकूर जात नाही. होस्टला, म्हणजे मेनफ्रेमला, त्यातलं अक्षरही कळलेलं नव्हतं, मग परत कुठून मिळणार? बिचाऱ्याने सगळं पुन्हा भरलं, मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवले. तेव्हा क्लिअर आणि तिन्ही पीए कंट्रोल-एफच्या मागेच ठेवा, एका बोटाच्या टप्प्यात नको.

कंट्रोल-व्ही नंतर शिफ्ट-एफ१ ला तुमच्याकडे काय उमटतं आणि टर्मिनल कोणतं आहे ते कळवा, फाईलमधली ओळ नेमकी काय हवी ते सांगते.