सावित्री, सविता आणि व्रात्य कार्टं

एका आजींनी विचारलंय: "नातीचं नाव सावित्री ठेवावं असं माझ्या मनात आहे. सून म्हणते, त्याचा अर्थ पतिव्रता, फार जुनाट वाटतं. त्यापेक्षा सविता ठेवू, अर्थ तोच आणि नाव सुटसुटीत. हे बरोबर आहे का? आणि महाडच्या नदीला हे नाव कुणावरून पडलं?"

आजी, सविता हा बाप्या आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण गेल्या महिन्यातच एका बारशाच्या पत्रिकेवर 'सविता म्हणजे सूर्याची कोवळी किरणं' असं छापलेलं वाचून मला जिलबी गोड लागली नव्हती. मूळ शब्द सवितृ. पितृचा पिता, दातृचा दाता, नेतृचा नेता, तसा सवितृचा सविता. वेदांतला रोखठोक पुल्लिंगी देव. आपल्याला शेवटी 'ता' ऐकू आला की कविता, सुनीता आठवतात आणि आपण त्याला परकर-पोलकं नेसवून मोकळे होतो. आता डॉ. सविता आंबेडकरांसारख्या (माहेरच्या शारदा कबीर) बाईंनी हे नाव लग्नानंतर आयुष्यभर वागवल्यावर ते बायकांचं नाही म्हणण्यात अर्थ नाही. रूढी व्याकरणाच्या डोक्यावर बसते, बसू दे. पण 'अर्थ तोच' म्हणू नका. सविता तो, आणि सावित्री म्हणजे त्या सवित्याची, त्याच्याशी नातं असलेली. पतिव्रता हा अर्थ या शब्दात कुठेही नाही. बारशाच्या नावांच्या पुस्तकात तो आहे हे मला ठाऊक आहे. त्या पुस्तकांत सगळ्याच नावांचा अर्थ 'सुंदर', 'तेजस्वी' नाहीतर 'पतिव्रता' असतो.

खरी गंमत शब्दाच्या धातूत, म्हणजे मुळात आहे. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या निरुक्तात यास्क म्हणतो, 'सविता सर्वस्य प्रसविता', आणि त्याच्या भरवशावर बरेच जण सवित्याला 'जन्म देणारा' करून टाकतात. प्रसूतीतला तो 'सू' निराळा. सूते, म्हणजे विते. दुसरा 'सू' सुवति असा चालतो, आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचा अर्थ देते प्रेरणे: ढकलणं, हाकणं, कामाला लावणं. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातली ऋचा बघा: 'विश्वानि देव सवितर्दुरितानि परा सुव, यद्भद्रं तन्न आ सुव.' परा सुव, दुरितं म्हणजे वाईट ते पलीकडे हाक. आ सुव, भद्र म्हणजे चांगलं ते इकडे हाक. इथे 'जन्म दे' घालून बघा, दुरितांना पलीकडे जन्म द्यावा लागेल! माझ्या डोळ्यांपुढे तर हातात काठी घेतलेला गुराखीच उभा राहतो. आडदांड जनावर पिटाळतोय, दुभतं गोठ्याकडे वळवतोय. पहाटे सगळ्या जगाला उठवून कामाला हाकणारा तो सविता. आणि विश्वामित्राची ती सुप्रसिद्ध ऋचा त्याच्याकडे मागते काय? 'धियो यो नः प्रचोदयात्', आमच्या बुद्धीला चालना दे. यास्काचार्य मोठे, पण इथे मी त्यांच्या बाजूला नाही. ज्यांना राहायचं असेल त्यांनी खुशाल राहावं.

या ऋचेचं नाव सावित्री. सवित्याची, म्हणून सावित्री. मुंजीत मुलाच्या कानात सांगतात ती हीच. मनुस्मृतीत तिची मुदत घालून दिलेली आहे, ब्राह्मणाला सोळा, क्षत्रियाला बावीस, वैश्याला चोवीस वर्षांपर्यंत. तेवढ्यात मुंज झाली नाही तर तो 'सावित्रीपतित', आणि अशांना तिथे शब्द वापरलाय 'व्रात्य'. दुपारी कैऱ्या पाडून शेजाऱ्याची काच फोडणाऱ्या पोराला आपण 'व्रात्य कार्टं' म्हणतो, तेव्हा शब्दाच्या हिशेबाने त्याची सावित्री राहिलेली असते. हे मला कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. घरचे अजून चिडवतात.

आणि ही ऋचा म्हणायची सोय बायकांना ठेवली नाही, नाव मात्र बायकांना दिलं.

महाभारतात हे नाव कसं पडलं ते सरळ लिहिलंय. मद्रदेशाच्या अश्वपती राजाला मूल नव्हतं. त्याने अठरा वर्षं सावित्री मंत्राने हवन केलं, सावित्री देवी प्रसन्न झाली, मुलगी झाली. सावित्रीने दिलेली, सावित्रीच्या हवनातून मिळालेली, म्हणून सावित्री. सत्यवानाचा तेव्हा पत्ताही नव्हता! पुढे बापाने सांगितल्यावर ही बाई रथात बसून स्वतः नवरा शोधायला निघाली. यमाशी वाद घालून सासऱ्याचे डोळे, त्याचं राज्य, बापाला शंभर मुलगे आणि स्वतःला शंभर मुलगे असं एकेक पदरात पाडून घेतलं, आणि शेवटच्या वरात यमालाच अडकवलं, कारण नवऱ्यावाचून तिला मुलगे होणार कुठून? ऑफिसात नाकासमोर चालणाऱ्या मुलीला 'सती सावित्री आली' म्हणून हसणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा. आणि त्यात वडाची पूजाही नाही. फळांचा भारा झाडाच्या फांदीला टांगलेला आहे, इतकंच. वड व्रताबरोबर आला. 'जन्मसावित्री हो' या आशीर्वादात सावित्रीचा अर्थ सौभाग्यवती होऊन बसला, तिथूनच पतिव्रतेची भानगड सुरू झाली असं माझं मत आहे.

आता नदी. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात भिंतीतल्या खोबणींवर नद्यांची नावं लिहिलेली आहेत आणि खाली दगडी गोमुखातून सगळ्यांचं पाणी एका धारेने कुंडात पडतं. त्यातली कुठली कृष्णा आणि कुठली सावित्री ते ओंजळीत धरून कुणी ओळखून दाखवावं. तिथली कथा अशी की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री वेळेवर आली नाही, मुहूर्त टळेल म्हणून त्याने गायत्रीला शेजारी बसवलं. सावित्री आली, भडकली, आणि देवांना नद्या व्हा असा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. सावित्री आणि गायत्री स्वतःही नद्या झाल्या. हेच भांडण राजस्थानात पुष्करलाही सांगतात. तिथे रुसलेल्या सावित्रीचं देऊळ रत्नगिरी टेकडीवर, ब्रह्मदेवाच्या देवळापासून चांगलं लांब आहे.

पण या दोघी सवती आहेत कोण? ती एकच ऋचा! छंद गायत्री म्हणून तिला गायत्री म्हणतात, देवता सविता म्हणून सावित्री. एकाच बाईची माहेरची आणि सासरची अशी दोन नावं असावीत, तसं हे. लोकांनी दोन नावं ऐकली, दोन बायका केल्या, त्यांच्यात भांडण लावलं आणि त्या भांडणातून सह्याद्रीच्या नद्या काढल्या. ही उपपत्ती मला इतकी आवडते की कुणी खोडायला आलं तर मी दार उघडणार नाही. (सवत शब्द सपत्नीवरून आला आहे, सवित्याशी त्याचा संबंध नाही. मोह मलाही झाला होता.)

तेव्हा नदीचं नाव या देवीचं, सत्यवानाच्या बायकोचं नव्हे. ती पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. महाडजवळ तिच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तोंड उघडं टाकून.

नाव जुनाट असल्याबद्दल मात्र सुनबाईंशी माझं भांडण आहे. नायगावात ३ जानेवारी १८३१ ला जन्मलेल्या सावित्रीबाईंना घरच्यांनी धातुपाठ बघून नाव ठेवलं नसणार, पण मुलींच्या बुद्धीला चालना देणारी बाई आणि नाव सावित्री, असा योग आणून दाखवा. दुसऱ्या सावित्रीबाई खानोलकर. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या तेव्हा नाव ईव्ह, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि सावित्री झाल्या. परमवीर चक्राचा आराखडा त्यांचा, त्यावर इंद्राची चार वज्रं आहेत. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते त्यांच्याच लेकीचे थोरले दीर.

आजी, सावित्रीच ठेवा. हाक मारताना 'सावू' होईल, त्याला इलाज नाही. पत्रिकेवर अर्थ छापायचा झाला तर आधी मला दाखवा.