वाचकांचे प्रश्न : जुन्या बेस्ट बसचा काळ कसा ओळखावा?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात बोरीबंदर परिसरातले एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. त्यात बेस्टची दुमजली बस, तिच्या पुढे एक ॲम्बॅसॅडर मोटार आणि रस्त्यात ट्रामचे रूळ दिसतात. मागे तारीख लिहिलेली नाही. छायाचित्र कोणत्या काळातले असावे? जुन्या बसगाड्यांचा अभ्यास करण्याची मला फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण प्रत सोबत पाठवलीत हे उत्तम केलेत, कारण अशा प्रश्नाचे उत्तर बसपेक्षा बसच्या आजूबाजूला अधिक सापडते. मुंबईत बससेवा १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. त्यामुळे नुसती दुमजली बस दिसते एवढ्यावरून छायाचित्र १९३७ नंतरचे आहे, यापलीकडे काही म्हणता येत नाही. बसची घडण ओळखता आली तरी अडचण पुरती सुटत नाही. एकदा रस्त्यावर आलेली गाडी पुढे अनेक वर्षे धावत असे, आणि सांगाडा एका कारखान्याचा व त्यावर चढवलेली बॉडी दुसरीकडची असणे ही नेहमीची गोष्ट होती. म्हणून बसच्या घडणीवरून छायाचित्र कधीच्या आधीचे नाही हे कळते, मात्र कधीच्या नंतरचे नाही हे तिच्यावरून ठरवू नये. नवे अभ्यासक नेमके इथेच घाई करतात, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या छायाचित्राकडे वळू. ॲम्बॅसॅडर बाजारात आली ती १९५७-५८ च्या सुमारास. तिच्या आधीची लँडमास्टर दिसायला तिच्या बरीच जवळची असल्यामुळे मोटारीची मागची बाजू भिंगाखाली पाहावी. मागच्या चाकांवरचा पत्रा शेपटीकडे जाताना किंचित उंचावून टोकदार झालेला असेल, तर ती ॲम्बॅसॅडरच. आपल्या प्रतीत हा उंचवटा स्पष्ट दिसतो. दुसरीकडे, मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेली. रूळ मात्र सेवा बंद झाल्यावरही काही काळ रस्त्यात राहू शकतात, त्यामुळे केवळ रुळांवर विसंबू नये. आपल्या छायाचित्रात डोक्यावरची तार दिसते आणि उजव्या कडेला ट्रामचा मागचा भागही आला आहे, हा पुरावा अधिक भक्कम आहे. यावरून छायाचित्र १९५७ ते मार्च १९६४ या काळातले आहे, असे खात्रीने म्हणता येते.

हा काळ आणखी आवळता येईल. बसच्या कुशीवर एका चित्रपटाची जाहिरात आहे, पण प्रतीत तिची अक्षरे फुटली आहेत. मूळ छायाचित्र चांगल्या यंत्रावर मोठ्या क्षमतेने स्कॅन करून चित्रपटाचे नाव वाचता आले, तर त्या काळच्या वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरून तो मुंबईत कधी लागला होता हे काढता येते, आणि मग वर्षच काय, महिनाही हाती लागू शकतो. मूळ छायाचित्रावर पेनाने खूण मात्र मुळीच करू नका.

अभ्यासाची सुरुवात वडाळ्याजवळच्या आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयापासून करावी. जाण्यापूर्वी ते कधी उघडे असते याची चौकशी करावी. ट्रामच्या काळापासूनच्या प्रतिकृती, तिकीट यंत्रे आणि जुनी साधने तिथे एकत्र पाहायला मिळतात. त्यानंतर मात्र माणसांकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. दुमजली बसवर वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत. चालकाची केबिन प्रवाशांपासून वेगळी असल्यामुळे सगळा व्यवहार घंटीवर चाले. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. वरच्या मजल्यावर गर्दी असताना खालच्या कंडक्टरने डबल बेल द्यायची कधी, जिन्यावर उभ्या प्रवाशांना खाली कसे उतरवायचे, पावसाळ्यात पुढच्या खिडक्यांमधून येणाऱ्या पाण्याचे काय करायचे, हे कोणत्याही अहवालात मिळणार नाही. जुनी डिझेलवरची शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली, म्हणजे तिच्यावर काम केलेली माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी तारीख, आगार आणि मार्ग क्रमांकासह लिहून घेणे हे मला आज सर्वांत निकडीचे काम वाटते. इमारतींचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक पुढे येतात, पण ज्या गाडीने लाखो माणसांना रोज कामावर पोहोचवले तिच्याकडे आपण फार कमी लक्ष दिले आहे.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत बसची जुनी तिकिटे मिळाली. त्यांचा काळ कसा ठरवावा आणि ती टिकवावी कशी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम तिकिटावरचे चलन पाहा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामुळे दर आण्यांत असेल तर तिकीट साधारणपणे त्यापूर्वीचे, फार तर बदलाच्या काळातले मानावे. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असेल तर ते १९५७ नंतरचे आहे. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गळाला, मात्र आधी छापलेली तिकिटे पुढेही वापरली जाऊ शकतात. बेस्टच्या नावातले ‘बॉम्बे’ जाऊन १९९५ मध्ये ‘बृहन्मुंबई’ आले, ही आणखी एक खूण.

तिकिटाच्या कडेने छापलेले आकडे टप्प्यांचे असतात, आणि कंडक्टरच्या पंचने पाडलेले भोक प्रवासाचा टप्पा दाखवते. म्हणून भोक पडलेले तिकीट खराब समजून टाकू नये. संग्राहक कोरी तिकिटे जास्त जपतात, पण इतिहासाच्या दृष्टीने मला पंच झालेले तिकीटच अधिक मोलाचे वाटते, कारण त्यावर कोणाच्या तरी खऱ्या प्रवासाची नोंद आहे.

तिकिटांचा कागद अतिशय पातळ आणि हलक्या प्रतीचा असतो. ती लॅमिनेट करू नयेत, डिंकाने वहीत चिकटवू नयेत आणि सेलोटेप तर अजिबात लावू नये, कारण काही वर्षांत टेपचा पिवळा डाग कागदात मुरतो आणि तो निघत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावीत. आपल्याकडच्या दमट हवेत कसर लवकर लागते, म्हणून पावसाळा संपताच सगळी पाकिटे उघडून पाहावीत.

प्रश्न : पुढे स्वतंत्र इंजिन आणि मागे जोडलेला दुमजली डबा अशी बस मुंबईत पाहिल्याचे मला आठवते. मित्र म्हणतात, ती ट्रॉलीबस होती. खरे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. दुमजली जोडबस १९६७ मध्ये मुंबईत आली. तिच्यात चालक पुढच्या ओढगाडीत एकटा बसे आणि प्रवासी मागच्या डब्यात असत. ट्रॉलीबस ही पूर्णपणे वेगळी गाडी. ती १९६२ ते १९७१ या काळात गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर विजेवर चाले. ट्रामच्या विजेला परतीची वाट लोखंडी रुळांतून मिळते, म्हणून तिला डोक्यावर एक तार पुरते. रबरी चाकांच्या ट्रॉलीबसला ती सोय नसल्यामुळे दोन तारा आणि टपावर दोन दांडे लागतात. मित्रांकडे त्या गाडीचे छायाचित्र असेल, तर टपावर दांडे आहेत का एवढे पाहिले की वाद मिटेल.