‘रन’च्या मागे लागताना

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. महाप्यातल्या अनुवादाच्या नोकरीत एव्हाना रुळत असशील.

तुझी यादी मिळाली. अ‍ॅपच्या आणि सबटायटलच्या मजकुरात इंग्रजी ‘रन’ जिथे जिथे आला ती वाक्यं एकाखाली एक उतरवून काढलीस, हे फार बरं केलंस. शेवटी विचारलंस, की या शब्दाचे सगळे अर्थ एकदाचे पाठ करून टाकू का? नको. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद पुन्हा लिहायला घेतली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. ज्याचा तो धंदा त्याला नऊ महिने. तू ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्याने पाठांतर करून काय होणार?

हा पसारा झाला कसा, तेवढं मात्र समजून घे, कारण त्यातच निम्मं काम होतं. जुन्या इंग्रजीतला ‘रिन्नन’ हा शब्द धावण्यालाही होता आणि वाहण्यालाही. जर्मनमधल्या ‘रिनेन’चा अर्थ आजही वाहणं, पाझरणं असाच आहे. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ होतो, सर्दीत नाक होतं. ही कुणा कवीची कल्पना नाही, मूळचाच अर्थ आहे. आपल्याकडेही असंच एक गंमतीचं प्रकरण आहे. पाणिनीय धातुपाठात ‘धाव्’ धातूचे दोन अर्थ दिलेत, गती आणि शुद्धी. पहिल्यातून आपलं धावणं आलं. दुसरा ‘दंतधावन’ या शब्दात बसलाय. दात घासताना कुणी पळत नाही, तरी शब्द तोच.

मग आली यंत्रं. गिरण्या, इंजिनं, आगगाड्या, शेवटी संगणक, हे सगळं इंग्रजाने ‘रन’च्याच खात्यावर मांडलं आणि खातं फुगत गेलं. आपण काय केलं ते बघ. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या ठाण्यापर्यंतच आली. आज त्याच ठाणे स्टेशनात कर्ण्यावरची बाई सांगते, ‘गाड्या उशिराने धावत आहेत’, आणि प्लॅटफॉर्मवरचा माणूस फोनवर सांगतो, ‘अरे, गाड्या लेट चालल्यात.’ दोन्ही मराठीच. पण एक घोषणेची, एक माणसाची. अ‍ॅपमध्ये कोणती हवी, हे तू ठरवायचं. मला विचारशील तर माणसाची.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इंग्रजीत जे ‘रन’ होतं, ते मराठीत बहुतेक वेळा चालतं. दुकान चालतं, संस्था चालवतात, इंजिन चालू होतं, गडकरी रंगायतनला नाटक जोरात चालतं. नोट चालते किंवा चालत नाही, डोकं चालतं, तोंड तर थांबतच नाही. ‘चहा चालेल?’ विचारलं तर ‘चालेल’, आणि जरा लबाड माणूस असेल तर तो ‘चालू’. म्हणून ‘प्रोग्राम धावत आहे’ हे तुझ्या वरिष्ठांनी शब्दसूचीत कितीही ठसठशीत लिहून ठेवलेलं असो, ते खटकतंच. ‘प्रोग्राम चालू आहे’ म्हण. कुणी अडवलं तर माझं नाव सांग.

अर्थ ठरवताना ‘रन’कडे बघूच नकोस. त्याच्या डावीकडे कोण आहे ते बघ. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हेच मांडलं होतं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. माणूस असेल तर धावतो. नाक असेल तर गळतं. रस्ता असेल तर जातो: घोडबंदर रोड ठाण्याहून घोडबंदरकडे जातो, धावत नाही. बॅटरी असेल तर उतरते. ताप असेल तर नुसता असतो, फार तर चढतो. एखादा आजार घराण्यात ‘रन’ होत असेल तर तो आपल्याकडे घराण्यात असतो किंवा पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. पुन्हा चालणंच आलं. तुझ्या यादीत साडीच्या धुलाईची जी सूचना आहे, तिथे रंग आहे. त्याच्यापुढे तू ‘रंग धावू शकतात’ लिहून प्रश्नचिन्ह टाकलंयस. प्रश्नचिन्ह टाकलंस म्हणजे कान शाबूत आहे. पण इथे जरा थांब. आपल्याकडे रंग जातो, रंग उतरतो, रंग विटतो आणि रंग सुटतो. जातो, उतरतो, विटतो, यात साडी फिकी पडते एवढंच. सुटतो म्हणजे तो पाण्यात येतो आणि शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला लागतो. ‘रन’मध्ये धोका आहे तो हा. ‘रंग सुटेल, वेगळी धुवा’, बस. घरात कपडे कोण धुतं त्यांना विचारलं असतंस तर कोश उघडावाच लागला नसता.

डावीकडचं झालं, आता उजवीकडचं. ‘रन आउट’ म्हणजे संपणं, पण नेरुळच्या स्टेडियममधल्या सामन्याचं समालोचन असेल तर धावचीत. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली येणं, भांड्यातून उतू जाणं, किंवा कार्यक्रम लांबणं. ‘रन डाउन’ म्हणजे कुणाची निंदा करणं, आणि तोच शब्द इमारतीला लागला की ती मोडकळीला आलेली. सगळ्यांत फसवा ‘रन इंटू’. कोपरीच्या पुलावर मित्राला ‘रन इंटू’ झालो, म्हणजे अचानक गाठ पडली की गाडी धडकली? एकटं वाक्य हे कधीच सांगत नाही. पुढचं वाक्य आल्याशिवाय हात लावू नकोस. क्लायंटने तुकडे पाठवले असतील तर अख्खं पान मागून घे. त्यात कमीपणा काही नाही.

अमेरिकन मालिकेच्या सबटायटलमध्ये कुणी अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो, आणि आपणही निवडणुकीला उभेच राहतो. तेव्हा त्याला मराठीत धावायला लावू नकोस.

असं असलं तरी ‘धाव’ला सरसकट हद्दपार करू नकोस हं. जिथे ती मराठीत आधीच बसलीय तिथे ती फर्मास आहे. शिवणकामातला धावदोरा, क्रिकेटमधल्या धावा, विमानतळाची धावपट्टी, रेडिओवरचं धावतं समालोचन. धावदोरा तर मला फार आवडतो. सुई कापडात बुडी मारते आणि पुढे निघते, ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

आता समानार्थी शब्दांबद्दल. तू म्हणतोस, एकच शब्द पुन्हा आला की इंटरनेटवरून त्याचा भाऊबंद शोधून बसवतोस. यावर माझा थोडा राग आहे. पुनरुक्ती हा काही गुन्हा नाही. आणि तंतोतंत एकाच अर्थाचे दोन शब्द कुठल्याच भाषेत सहसा नांदत नाहीत. ‘धावणे’ आणि ‘पळणे’ घे. बाजारातल्या छोट्या कोशात ते जुळ्यासारखे शेजारी बसलेले असतात. पण मदतीला माणूस धावून येतो, पळून येत नाही. चोर पळतो. देव धावतो. धावण्याला समोर काहीतरी असतं, पळण्याला बहुधा मागे. (शाळेच्या मैदानावर ‘पळ, पळ’ ओरडतात ते सोड, तिथे सगळंच माफ.) पुढे जाशील तसे रंग बदलतात. धूम ठोकणारा सगळ्यांदेखत जातो, काढता पाय घेणारा कुणाच्या लक्षात न येता. सूंबाल्या करणाऱ्यावर हसायचं असतं, पलायन करणाऱ्याची बातमी होते. मूल दुडूदुडू धावतं, घोडा चौखूर उधळतो. इंग्रजीतले ‘जॉग’, ‘डॅश’, ‘बोल्ट’, ‘फ्ली’ असेच आपापल्या स्वभावाचे आहेत. कैद्याने ‘फ्ली’ केलं तिथे ‘जॉग’ बसवून बघ, आपोआप कळेल. हीच कसोटी: शब्द काढ, दुसरा ठेव, मोठ्याने वाच.

पीटर मार्क रॉजे या डॉक्टरचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ साली निघाला, तोही कल्पनांच्या गटांनी लावलेला. कल्पना मनात आहे, शब्द सुचत नाही, अशा माणसासाठी तो आहे. आपला अमरकोश त्याच्या कितीतरी शतकं आधी वर्गावर्गांनीच रचलेला. दोन्हींतून निवड करायची असते, अदलाबदल नाही.

साधनं म्हणून सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्यात ‘चालणें’ काढून सावकाश वाच. अनुस्वार द्यायला विसरू नकोस. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे, म्हणजे ठाण्याला गाडी यायच्या सहा वर्षं आधीचा, तेव्हा प्रोग्रामबद्दल त्याला विचारू नकोस. जुन्या वाक्प्रचारांसाठी मात्र तो जरूर चाळ. आणि १८९३ पासून चालू असलेलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय तुझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. सभासद हो.

यादीतलं शेवटचं वाक्य तू कोरंच सोडलंयस: ‘रन इट बाय युवर मॅनेजर’. ते ‘एकदा साहेबांच्या कानावर घाल’ असं होईल. आणि शब्दसूचीत जे काही बदलशील, ते खरोखरच आधी घाल.

तुझा
सर