३८व्या वर्षी इस्ट्रोजेन, आणि २००२ची भीती

ताई, तुमच्या बहिणीचं वय ३८, गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढलेत, डॉक्टरांनी इस्ट्रोजेन, म्हणजे बीजांडकोशात बनणारं हॉर्मोन, लिहून दिलंय आणि कॅन्सरच्या धास्तीने ती गोळी सोडायच्या विचारात आहे. डॉक्टरांना न विचारता सोडू देऊ नका, हे आधी सांगते.

ही धास्ती २००२ सालची. माझ्या मोठ्या बहिणीने तेव्हा बातमी वाचून एका दिवसात गोळ्या बंद केल्या. मग कित्येक महिने रात्री घामाने भिजून उठायची. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची ती चाचणी होती. १६,६०८ बायकांपैकी साधारण निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हॉर्मोनसारखं औषध), बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सरासरी ५.२ वर्षांनी चाचणी मध्येच थांबवली. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, असा गाजावाजा झाला. तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने मांडला तर वर्षाला दर १०,००० बायकांमागे ८ जणी जास्त. शिवाय या बायकांचं सरासरी वय होतं ६३! बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली होती.

तुमच्या बहिणीशी निदान थोडा मेळ बसतो तो त्याच उपक्रमातल्या दुसऱ्या गटाचा. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायका, औषध नुसतं इस्ट्रोजेन. पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून २००४ साली तेही थांबवलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पुढच्या पाठपुराव्यात तर कमीच आढळला. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं. प्रोजेस्टिन जोडतात ते गर्भाशयाच्या अस्तरासाठी. एकट्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कॅन्सर वाढतो, हे १९७५पासून माहीत आहे. गर्भाशयच नसेल तर सहसा ते लागत नाही. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल तर मात्र कधीकधी देतात.

आणि वयाची वीस-पंचवीस वर्षं वेगळी आहेत, हे विसरू नका. साठीतल्या बाईला हे वरून दिलेलं औषध. ३८व्या वर्षी मात्र शरीराला जे अजून दहा-बारा वर्षं मिळायचंच होतं, तेच आपण परत देतो. बीजांडकोश इतक्या लवकर गेले आणि हॉर्मोन दिलं नाही, तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून काही अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, घ्यायला सांगतात. ‘पाळी गेली, कटकट मिटली’ म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार!

गोळीची भीती वाटत असेल तर पॅच किंवा जेलबद्दल विचारा. गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून घेतलं तर तो फेरा टळतो, आणि निरीक्षणातून झालेल्या अभ्यासांत नेहमीच्या मात्रेला गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलेला नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: बीजांडकोश काढले कशासाठी? स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा घराण्यात बीआरसीए जनुकाचा दोष (याने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) असेल, तर वरचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. तेवढं कळवा, मग पुढे बोलू.