अंधारात उडणाऱ्या पाखराला उजेड कशाला लागतो?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हिवाळ्यात आमच्या कुंपणावर थिरथिरा येऊन बसतो. तो रात्रीचा प्रवास करत येतो असं सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘‘मग त्याला वाट कशी कळते?’’ मी म्हटलं, पक्ष्यांच्या चोचीत चुंबक असतो. पण नंतर वाचलं, की त्यांचं होकायंत्र डोळ्यात असतं आणि त्याला उजेड लागतो. रात्री उजेड कुठून येणार? मोबाइलच्या टॉवरनं हे होकायंत्र बिघडतं का? आणि यातलं काही मुलांना वर्गात दाखवता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : त्या मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी द्या.

चोचीबद्दल अगोदर सांगते. कबुतराच्या चोचीत लोहकणांनी भरलेल्या पेशी आहेत आणि त्याच दिशा सांगतात, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१२ साली त्या पेशी नीट तपासल्या, तेव्हा त्या चेतापेशी नसून रोगजंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी निघाल्या. दिशेच्या बाबतीत डोळ्याची बाजू आज कितीतरी भक्कम आहे.

ही गोष्ट फ्रँकफर्टची. युरोपीय रॉबिन हा आपल्या दयाळाच्या आणि थिरथिऱ्याच्याच कुळातला चिमुकला पक्षी. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातसुद्धा तो रात्रभर अस्वस्थ असतो आणि ज्या दिशेला जायचं त्याच बाजूला पुन्हा पुन्हा उड्या मारतो. वोल्फगांग आणि रोझविता विल्चको या दांपत्यानं पिंजऱ्याभोवती तारेची वेटोळी लावून कृत्रिम चुंबकक्षेत्र तयार केलं. १९७२ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष मला आजही थक्क करतो. रॉबिनला उत्तर-दक्षिण कळतच नाही! क्षेत्राच्या रेषा जमिनीकडे कुठल्या बाजूला झुकल्या आहेत, तेवढंच त्याला कळतं. झुकाव उलटा केला की पक्षीही उलट दिशेला उड्या मारू लागतो. झुकाव तसाच ठेवून नुसते ध्रुव बदलले, तर त्याला फरक पडत नाही. आपल्या खिशातल्या होकायंत्राचं नेमकं याच्या उलट असतं.

उजेडाचा धागा १९९३ मध्ये हाती आला. टास्मानियातल्या सिल्व्हरआय पक्ष्यांना पांढऱ्या, निळ्या आणि हिरव्या प्रकाशात दिशा सापडत होती. दिवा लाल केला आणि ती हरवली. पुढे रॉबिनच्या बाबतीतही तसंच दिसलं. धातूचा चुंबक दिव्याचा रंग बघत नाही. म्हणजे इथे प्रकाशावर चालणारी काहीतरी रासायनिक क्रिया असली पाहिजे.

तशी क्रिया भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ सालीच सुचवली होती. २००० मध्ये थॉर्स्टन रिट्झ आणि शुल्टेन यांनी तिच्यासाठी डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनाचं नाव पुढे केलं. निळा प्रकाश पडला की या प्रथिनात एक इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेतो आणि दोन्हीकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो, या गुणाला स्पिन म्हणतात. या दोघांचे स्पिन कधी परस्परविरुद्ध असतात, कधी समांतर, आणि ही अदलाबदल सेकंदाला लाखो वेळा होत राहते. पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. एवढ्यानं कुठलाही रासायनिक बंध तुटणार नाही. पण सोनाराचा काटा समतोल असताना गुंजभर वजनानंही कलतो, तशी ही जोडी त्या क्षेत्रानं किंचित कलते आणि क्रियेतून काय तयार होणार याचं प्रमाण बदलतं. आणि अशी जोडी क्षेत्राचा अक्ष ओळखते, त्याचं टोक ओळखत नाही. फ्रँकफर्टच्या रॉबिननं दाखवलं होतं ते हेच. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी अशा जुळतात, तेव्हा मला फार आनंद होतो.

२०२१ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या गटांनी रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत तयार करून तपासलं. कोंबडीच्या आणि कबुतराच्या त्याच प्रथिनापेक्षा ते चुंबकक्षेत्राला जास्त संवेदनशील निघालं. हे परीक्षानळीतलं झालं. जिवंत डोळ्यात नेमकं हेच घडतं, हे सिद्ध व्हायचं आहे. मुलांना तेही जरूर सांगा.

आता रात्रीचं. आपल्याला मिट्ट वाटणाऱ्या रात्रीतही चांदण्यांचा उजेड असतो, आणि या होकायंत्राला फारच थोडा प्रकाश पुरतो. शिवाय पक्षी या एकाच साधनावर विसंबत नाहीत. मावळतीचा सूर्य आणि तारे यांच्याशी ते ताळा करून घेतात.

टॉवरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं. ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात पक्ष्यांच्या स्थलांतराचे अभ्यासक हेन्रिक मोरित्सेन यांच्या रॉबिनना दिशाच सापडेना. कारण उमगत नव्हतं. शेवटी प्रयोगाच्या लाकडी खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून अर्थिंग दिलं आणि पक्षी बरोबर दिशा धरू लागले. अर्थिंग काढलं की पुन्हा भरकटले. शहराबाहेर नेलं तर पत्र्यांशिवायही त्यांना दिशा कळली. दोषी होता ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला क्षीण विद्युत-गोंगाट, म्हणजे विजेची उपकरणं आणि मध्यम लहरींवरची रेडिओ केंद्रं. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या प्रयोगांत ७५ ते ८५ मेगाहर्ट्झलाही दिशा बिघडली, पण १४० मेगाहर्ट्झच्या वर बिघडली नाही. मोबाइलच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढच्या. तेव्हा या होकायंत्रापुरतं तरी टॉवरला दोषी धरता येत नाही. टॉवरमुळे चिमण्या कमी झाल्या असंही म्हणतात, पण चिमणी तर स्थलांतरच करत नाही. तिच्या कमी होण्याचा संबंध कृपा करून इथे जोडू नका. घरांना वळचणी उरल्या नाहीत, पिल्लांना भरवायला अळ्या मिळत नाहीत, त्याकडे आधी बघू या.

मी अलिबागला पदार्थविज्ञान शिकवत असे. आमच्या गावची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली उभी राहिली तीही अशाच गोंगाटामुळे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक नोंदी त्यांनी बिघडल्या असत्या. अलिबागच्या इमारतीला आपला काळा पाषाण वापरला नाही, कारण त्यात लोह असतं. पोरबंदरचा दगड आणला.

वर्गात दाखवायचं तर लांब सुई घ्या. मधोमध बारीक दोरा बांधून ती अगदी आडवी राहील अशी टांगा आणि जागेवर गोंदाचा ठिपका लावा. मग ती दोऱ्यासकट चुंबकावर एकाच दिशेनं घासा आणि पुन्हा टांगा. सुई उत्तर-दक्षिण होईल आणि तिचं उत्तरेकडचं टोक खाली कलेल. सोलापुरात खरा झुकाव वीस-पंचवीस अंशांचा आहे. दोऱ्यामुळे तो थोडा कमी दिसेल. फ्रँकफर्टला तो ६६ अंशांच्या आसपास असतो. कन्याकुमारीकडे जावं तसा तो कमी होत शून्यावर येतो. जवळपास लोखंडी कपाट किंवा बाक नसेल असं बघा. मुलांना कोन मोजू द्या, आणि आकडे आले की मला कळवा.